आखाजीला काउंटरवर कोण?

सुरतेत पांडेसऱ्यातल्या ज्या मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट होते, त्याचं काउंटर दर वर्षी वीतभर आत सरकायचं. गिऱ्हाइकांच्या रेट्यानं. मी लागले तेव्हा माझ्या पाठीमागे कपाटं, कपाटांमागे गोडाऊन आणि गोडाऊनमागे मोरी होती. नोकरी सोडली तेव्हा मी जवळजवळ मोरीत उभी राहून औषधं देत होते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी नव्वदच्या दशकात मिलची पाळी सुटताना त्या रस्त्यावर एकदा उभं राहून बघायला हवं होतं.

गिऱ्हाईक बहुतेक आमच्याकडचंच, खान्देशातलं. धुळे, दोंडाईचा, अमळनेर, पारोळा. पुरुष कापडाच्या डाइंगमध्ये, प्रिंटिंगमध्ये. हात कोपरापर्यंत रंगलेले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जांभळा अंगठा, नोटेवर हिरवा. यंदा कुठल्या रंगाच्या साड्या चालणार हे मला मार्केटमधल्या दलालांच्या आधी कळायचं. चिठ्ठ्या बघूनच कळायचं. पाळी सकाळी एकदा बदलायची, संध्याकाळी एकदा. कामावर निघालेले आणि कामावरून सुटलेले नेमके आमच्या दारात एकमेकांना भेटायचे. मधल्या वेळात दुकान एवढं रिकामं, की पंखा बंद केला तर पालीच्या पावलांचा आवाज यायचा. पण भोंगा झाला की पुढच्या माणसानं शिंकलं तर मागच्याला सर्दी व्हायची आणि तो तिथल्या तिथं औषध मागायचा.

काउंटरवर आम्ही दोघं. मी आणि आबा. आबा दुकानातले जुने सेल्समन, शिंदखेड्याकडचे. हात असा चालायचा, की गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत गोळी बाहेर. त्यांना त्याचा भारी अभिमान. आणि मला त्याचीच धास्ती, कारण एवढ्या वेगानं चालणारा हात दिवसातून एकदा तरी शेजारच्या खणात जातोच. म्हणून मी आल्या आल्या एक रीत लावली होती. आबांनी काढायचं आणि माझ्या हातात द्यायचं. मी चिठ्ठी बघायची, औषध बघायचं, मोठ्यानं नाव वाचायचं, कोणासाठी आहे ते विचारायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात. कधी मी काढायचं, आबांनी बघायचं. एकाच माणसानं काढायचं आणि त्यानंच द्यायचं, हे आमच्याकडे बंद. माझा आवाजही या कामाला बरा होता. मी पांडेसऱ्यात 'पॅरासिटॅमॉल!' म्हटलं की पलीकडच्या भेस्तानला लोक कपाळाला हात लावून बघायचे.

खरं तर तिघं लागायचे. तिसरा एक होता, पण तो होळीनंतर हिऱ्याच्या कारखान्यात निघून गेला. त्याच्या जागी माणूस घ्या, असं मी शेठना सांगितलं.

शेठ मूळचे साडीवाले. मार्केटमध्ये त्यांचं साड्यांचं दुकान. धंद्यात मंदी नसलेला माल कुठला, तर आजार, असं त्यांना कोणीतरी सांगितलं आणि त्यांनी मेडिकल काढलं. आठवड्यातून एकदा स्कूटरवरून यायचे, काउंटरवर बोट फिरवून धूळ बघायचे आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे बघून समाधानानं मान हलवायचे. फ्रेममध्ये माझं रजिस्ट्रेशन. माझी अशी खात्री आहे, की मी त्या फ्रेममध्येच राहते आणि काउंटरवर दिसते ती माझी सावली, असं शेठना मनापासून वाटायचं.

"बेन," शेठ म्हणाले, "दोन माणस बस छे ने. माझी साडीची दुकानमां दोन माणस आखी लगनसरा काढते."

मी म्हटलं, "शेठ, दोघं कसेबसे पुरतात. पण दोघांचा एक झाला तर मी शटर उघडणार नाही."

"एक कशाला होईल?" म्हणून शेठ हसले आणि स्कूटरला किक मारून गेले.

आणि आखाजी आली.

खान्देशाबाहेरच्यांसाठी अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस. आमच्यासाठी आखाजी म्हणजे माहेर. दिवाळीला नाही गेलं तरी चालतं, आखाजीला लेकीनं माहेरी जायचंच. झाडाला झोका बांधलेला असतो, त्यावर बसून गाणी म्हणायची आणि सासरच्यांची उणीदुणी त्या गाण्यांतून काढायची. लग्नानंतरची पहिली आखाजी असेल, तर माहेरचा माणूस लेकीला न्यायला सासरी जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही, तर त्या पोरीला ते जन्मभर ऐकावं लागतं. माझ्या एका चुलतमावशीला पहिल्या आखाजीला कोणी आलं नव्हतं. ती आता पणजी झाली, तरी भांडण पेटलं की नातसून अजून तेच काढते.

आबांच्या एकुलत्या लेकीची ती पहिली आखाजी होती. तिचं सासर अमळनेरजवळ. तिला भाऊ नाही, चुलतभाऊ नाही. मुराळी म्हणून जाणार तर आबाच.

दुपारी दुकान रिकामं होतं तेव्हा आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, मी आखाजीले गावले जास."

"जा ना आबा. कोण नाही म्हणतंय? पण शेठना सांगून बदली माणूस मागा."

"शेठ काय माणूस देवाव शे? तू हा म्हनशी ते शेठ हा म्हनी."

"आणि मी हो म्हटलं, तर भोंगा झाल्यावर काढायचं कोणी आणि बघायचं कोणी? दोन्ही मीच?"

"चार दिनना सवाल शे, ताई."

चार दिवस, पण कुठले चार? आखाजीच्या आधी आख्खं पांडेसरा गावी निघतं आणि निघताना गावासाठी औषधं घेऊन निघतं. मायसाठी दम्याची, बापासाठी बीपीची, मावशीच्या गुडघ्याला मलम, म्हशीच्या पोटासाठी काही असेल तर तेही. वरून आजूबाजूच्या मेडिकलमधले सेल्समन आमच्याकडचेच, म्हणजे तेही गावी गेलेले. त्यांची गिऱ्हाइकं आमच्या दारात.

"आबा, या चार दिवसांत कोणाच्या बापाला भलतीच गोळी गेली तर?"

आबांनी काउंटर पुसायचं फडकं जोरात झटकलं. "आनि मनी आंडेर दारमा वाट देखत बठी राही, त्यानं काय?"

आंडेर म्हणजे लेक. त्यानंतर आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. दिवसभर आमच्यात फक्त औषधांची नावं, ते म्हणणार, मी परत म्हणणार. ब्रुफेन. मी ब्रुफेन. जेलुसिल. मी जेलुसिल. दोन देशांचे वकील बसल्यासारखे आम्ही बसायचो.

दोन दिवसांनी शेठ आले, तेव्हा आबांनीच विषय काढला. शेठ उदारपणे म्हणाले, "जावो ने! बेन छे ने!" आणि फ्रेमकडे बोट केलं.

मला बोलावंच लागलं. "शेठ, मी पाळीच्या वेळी एकटी दुकान चालवणार नाही. माणूस द्या."

"चार दिवस माटे माणस कुठून आणू? बध्धाच तुमच्या गावाला जाते." शेठनी खांदे उडवले. "चालवणार नाही तर मग आबा नाही जाणार."

मी आबांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बरं शेठ. मग मीही जाते."

"तमे? तमे क्यां जाते?"

"माहेरी. आखाजी आहे. मीही कोणाची तरी लेक आहेच. परवा माझा भाऊ येतोय न्यायला."

माझ्या भावाला याची गंधवार्ता नव्हती. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, की तो मला न्यायला आला असता तर माझ्याच सासूनं त्याला विचारलं असतं, कोण पाहिजे? पण मी भावाचं असं वर्णन सुरू केलं, की दोंडाईच्याहून बैलगाडी जुंपून निघालाय, नाही म्हटलं तर दार अडवून बसतो, एका वर्षी त्याला नाही म्हटलं तर माझ्या सासऱ्यांसकट मला गाडीत घालून घेऊन गेला होता. आबा शिंदखेड्याचे, दोंडाईचा त्यांच्या गावाला लागून. माझ्या भावाला ते चांगले ओळखत होते. तो सायकलीवरूनही पडतो. आबा फडकं तोंडाला लावून खोकत राहिले.

शेठना बैलगाडीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. त्यांच्या गुजरातीत माहेराला पियर म्हणतात, आणि शेठाणी पियरला निघाली की अडवायची शेठची आजवर छाती झालेली नव्हती. "पियर जाते तो... ना तो कैसे कहेंगे," ते स्वतःशीच पुटपुटले. मग एकदम भानावर आले. "तमे बेय जाते तो दुकान?"

"बंद. फार्मासिस्ट नाही तर दुकान उघडता येत नाही. नाहीतर आबांना जाऊ द्या, मी राहते आणि पाळीच्या वेळी माझ्या शेजारी दुसरं माणूस उभं करा. कोणीही चालेल. वाचता आलं पाहिजे, बस."

शेठनी बराच वेळ काउंटरवर बोट फिरवलं. धूळ नव्हती. शेवटी म्हणाले, "हूं आवीश." मी येईन.

आबा दुसऱ्याच दिवशी संध्याकाळची गर्दी उरकून उधन्याहून भुसावळ पॅसेंजरनं गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "बैलगाडी जरा जास्त व्हई गई, ताई."

पुढच्या सकाळी भोंग्याच्या आधी शेठ हजर. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, अत्तर, तोंडात पानमसाला. साडीच्या दुकानात उभे राहतात तसेच हात जोडून उभे. भोंगा झाला. रात्रपाळीचे सुटले, दिवसपाळीचे निघाले आणि सगळे एकदम आमच्या दारात.

"आवो आवो, बेसो!" शेठ म्हणाले.

बसायला जागा कुठली? पहिल्यानं खोकल्याचं औषध मागितलं, तर शेठनी दुकानात असतील नसतील तेवढ्या बाटल्या त्याच्यापुढे मांडल्या आणि विचारलं, कुठलं बतावू? दुसऱ्याला डोकेदुखीची गोळी पाहिजे होती. त्याच्यापुढे पाकिटांचा पदर पसरला. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ शेठ, साडी नको, गोळी दे!" दुसरा म्हणाला, "ब्लाऊज पीस बी दाखव रे, घरी बाई वाट बघतेय!" शेठना राग नाही आला. मार्केटमधल्या माणसाला गिऱ्हाइकाचा राग येत नाही. त्यांनी झब्ब्याच्या बाह्या सारल्या आणि मी सांगितलेली रीत मात्र सोडली नाही. काढायचं आणि माझ्या हातात द्यायचं. झब्बा तेवढा दोन मिनिटांत चिठ्ठ्यांसारखाच जांभळा-हिरवा झाला होता.

तेवढ्यात प्रिंटिंग मिलमधला एक तरुण पुढे घुसला. रात्रपाळी करून आलेला, दुपारच्या गाडीनं गावी निघालेला. त्याला बापासाठी गोळ्या पाहिजे होत्या, पावसाळा लागेपर्यंत पुरतील एवढ्या. हातात जुनी, रिकामी पट्टी. पट्टीचं नाव असलेलं टोक कधीच फाटून गेलेलं, नुसता रंगीत चमकीचा तुकडा उरलेला. "हेच पाहिजे," तो म्हणाला.

शेठचे डोळे चमकले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना कळणारं काम आलं होतं. त्यांनी तो तुकडा घेतला, काउंटरमधून बाहेर पडले, गर्दीतून वाट काढत दारात गेले आणि तुकडा उन्हात धरला. ट्यूबलाइटखाली शेड कधी मॅच करायची नाही, हे मार्केटमध्ये जन्मलेल्या मुलाला चालायच्या आधी शिकवतात. उन्हात नीट बघून ते आत आले, कपाटात शोधलं, एक पट्टी काढली, पुन्हा उन्हात नेली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. मग घडीवर घडी ठेवावी तशा पावसाळ्यापर्यंतच्या पट्ट्या एकावर एक रचून माझ्या हातात दिल्या.

मी नाव वाचलं. नेहमीसारखं मोठ्यानं विचारलं, "कोणासाठी?"

"बापासाठी."

"बापाला शुगर आहे?"

"शुगर नाय. बीपी."

हातातल्या गोळ्या शुगरच्या होत्या.

मी त्या मागे ठेवल्या. पुढचं सगळं मला त्याच जागी उभ्या उभ्या दिसलं. आखाजीचं ऊन, म्हातारा सकाळी उपाशीपोटी गोळी घेणार. अंगाला घाम, हात थरथर, मग आडवा. घरातले म्हणणार, ऊन लागलं. कांदा हुंगायला देतील, डोक्यावर ओलं फडकं ठेवतील. शुगर उतरली असेल हे त्या घरात कोणाच्या मनातही येणार नाही, कारण शुगरचा आजार त्या घरात कोणाला नव्हताच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बरं वाटावं म्हणून, पुन्हा तीच गोळी.

"शेठ, ही शुगरची आहे."

"पण शेड तो एकदम मळते छे!" शेठ म्हणाले. आणि जुळतच होती. एवढी तंतोतंत शेड मी आयुष्यात पाहिली नव्हती.

त्या तरुणाला मी खोलीवर पिटाळलं, डॉक्टरची जुनी चिठ्ठी शोधून आण म्हणून. तो कुरकुरत गेला आणि बायकोच्या ट्रंकेतून चिठ्ठी घेऊन आला. बीपीची गोळी निघाली, रंग जवळपास तोच, नाव वेगळं. ती दिली. त्याला गाडी मिळाली की नाही ते माहीत नाही. नसेल मिळाली तर त्यानं मला चार शिव्या दिल्या असतील, त्या मला मान्य आहेत.

शेठ मात्र एका खोक्यावर बसून राहिले. पाणी प्यायले. मसाला थुंकला. मग उठले आणि शेजारच्या एसटीडी फोनबूथमध्ये शिरले. मी एकटीच काउंटरवर. मी एकटी म्हणजे दुकान बंद, हे मीच ठरवलेलं. मी धाडकन शटर ओढलं. भर पाळीला. बाहेर असा गलका उठला, की मिलचा भोंगा लाजून दुसऱ्या दिवशी उशिरा वाजला. मी एसटीडीत गेले.

शेठ आबांच्या गावातल्या किराणा दुकानाचा नंबर फिरवत होते. "आबाने पाछो बोलावो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मारा काम नहीं. कोणी मरी जाते तो?"

"बोलावलंत तर आबा येतील, शेठ. नोकरी आहे त्यांची. पोरीला दारातच सोडून येतील."

"तो हूं शुं करूं? मी भूल केली ने."

"केलीत. मग कोणी मेलं का?"

शेठनी पुन्हा नंबर फिरवायला घेतला.

"तुम्ही काढलंत, मी बघितलं, म्हणून चुकीची गोळी दुकानातच राहिली. आबा असते तरी चुकले असते. मीही चुकते."

"आबा बी भूल करे छे?" शेठचा हात डायलवर थांबला.

"रोज."

"अने तमे?"

"आबांना विचारा. ते चढवून सांगतील."

शेठच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे बघितलं त्याला भीती म्हणायचं की हुशारी, मला सांगता येणार नाही. साडीच्या दुकानात चुकलेला माल परत येतो, त्याची घडी घालून ठेवता येते. इथं रोज किती घड्या परत न येण्यासारख्या जात असतील, याचा बहुधा ते हिशेब लावत होते. मग त्यांनी उरलेले आकडे फिरवले आणि फोन लागला. पलीकडचा किराणावाला एवढ्या मोठ्यानं बोलत होता, की त्याला फोनची गरज नव्हती.

"आबा? आबा मुराळी गेला ना! अमळनेरकडे! काही निरोप आहे का?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेरच्या पिवळ्या पाटीकडे बघत राहिले.

"ना, ना," शेठ म्हणाले. "पहोंची गया के नहीं, एवढाच पूछना था." आणि ठेवला.

परत आलो ते अर्धं शटर उघडलं. एका वेळी एकच माणूस वाकून आत. बाकीचे बाहेर. शेठ एकेक अक्षर लावून नाव वाचायचे, पहिलीतल्या पोरासारखं, मी बघायचे, मग औषध जायचं. ज्यांना घाई होती ते शिव्या देत दुसऱ्या मेडिकलकडे गेले. शेठनी त्यांना जाऊ दिलं, हात जोडून. रांग हळूहळू भेस्तानपर्यंत गेली. तिकडच्या टोकाला काही बायका रॉकेलचे डबे घेऊन उभ्या राहिल्या होत्या. रेशनची रांग समजून. त्यांतल्या एकीला आमच्यापर्यंत पोचेस्तोवर खरंच ताप आला आणि तिचा फेरा फुकट गेला नाही.

आखाजीचे दिवस असे गेले. शेठ सकाळ-संध्याकाळ आले. झब्बा सोडून जुना सदरा घालायला लागले. तिसऱ्या दिवशी तर मी काढलेलं औषध त्यांनी माझ्या हातून घेतलं, नाव वाचलं आणि विचारलं, "बेन, चिठ्ठीमां तो सिरप लखा है, तमे गोळी काढी?" मी निमूटपणे सिरप काढलं.

आबा परत यायच्या आदल्या दिवशी शेठ एक माणूस घेऊन आले. पर्वत पाटिया भागातल्या एका मेडिकलमधून फोडून आणलेला. मला म्हणाले, "बेन, मी एक नियम बनवला. पाळीच्या टाइमाला तीन माणस. दोनपेक्षा कमी, तर शटर उघडायची नाही." असं म्हणाले, जणू तो विचार त्यांना आज सकाळी दात घासताना सुचला. मी म्हटलं, "फार चांगला नियम आहे, शेठ." मालकाला सुचलेला नियम जास्त दिवस टिकतो.

आबा आले आणि आपल्या खणापाशी परका माणूस बघून दारातच थबकले. पिशवी खाली ठेवेनात. "मनी जागा गई का, ताई?"

"नाही आबा. हा तुमच्या शेजारी. तिसरा."

त्यांनी त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग पिशवी ठेवली आणि सांगायला लागले. ते पोचले तेव्हा दुपार झाली होती. शेजारच्या घरची पोर सकाळीच भावाबरोबर गेली होती आणि यांची लेक गाठोडं बांधून स्वयंपाकघरात जाऊन बसली होती, दाराकडे पाठ करून. बाप आला तरी उठेना. विहीणबाईंनी चहा ठेवला आणि विचारलं, दुकानावर कोण आहे मग? आबांनी सांगितलं, शेठ स्वतः उभे राहिलेत, मला येता यावं म्हणून. तर विहीणबाई अशा हसल्या, की चहा उतू गेला. गावभर झालं, सुरतचा मुराळी लई थापा मारस.

"खरं सांगं मी, ते बी थाप!" आबा वैतागले होते. "तू बैलगाडी सांगस, ते शेठ बठ्ठं खरं मानस!"

"ते जाऊ द्या. पोर झोक्यावर बसली का?"

"बठनी?" आबांनी नव्या माणसाला बाजूला सारून आपला खण उघडला. "दोर घसाई गया, ताई, पन ती काही उतरनी नही."